जगदेवरावांची खंडेनवमी

जगदेवराव कुठं नोकरीला आहेत असं बडोद्याच्या वाडी भागात कुणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं असे: "सरदार प्रतापसिंहरावांच्या आबदारखान्यावर." आबदारखाना म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाळ्याचं पाणी, तांब्याचे हंडे, फार तर गुलाबाचं सरबत येई, आणि जगदेवराव ते खुशाल येऊ देत. त्यांच्या आजोबांनी गायकवाडांच्या पागेत स्वतःच्या घोड्यानिशी चाकरी केली होती. आजोबांची तलवार घरात खुंटीला होती. घोडा आजोबांच्या आधीच गेला, आणि नातवाच्या हाताखाली आल्या त्या बाटल्या.

त्या साध्यासुध्या नव्हत्या. रावसाहेब, म्हणजे हे प्रतापसिंहराव, सयाजीराव महाराजांच्या लवाजम्यातून एकदा विलायतेला जाऊन आले होते. तिकडून कुणी बंदूक आणतं, कुणी घड्याळ आणतं. रावसाहेबांनी जुन्या वाइनचं वेड आणलं. वेड पिण्याचं नव्हे, जमवण्याचं. मुंबईत एखादा साहेब पेन्शन घेऊन मायदेशी निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव व्हायचा असला, की एदलजी नावाचा पारशी लिलाववाला बडोद्याला निरोप धाडी. मग रावसाहेब मुंबई गाठत आणि गवतात गुंडाळलेल्या बाटल्या तान्ह्या मुलांसारख्या सांभाळत घेऊन येत. बंगल्याखाली तळघर होतं. वैशाखात बडोद्याच्या रस्त्यावर पाय भाजत तेव्हाही तिथं अंगावर उपरणं घ्यावंसं वाटे. त्या काळोखात, लाकडी मांडण्यांवर, फ्रान्सातल्या कुठल्या कुठल्या मळ्यांतली द्राक्षं वर्षानुवर्षं आडवी पडून होती. रावसाहेब स्वतः घ्यायचे ते सणासुदीला घोटभर, तेही डोळे मिटून, तीर्थ घ्यावं तसं.

जगदेवरावांनी तर थेंबही चाखला नव्हता. बाटलीवरच्या चिठ्ठीतलं एक अक्षर त्यांना लागत नसे. कुठली बाटली कुठं आहे ते मात्र त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. रावसाहेबांचे नियम थोडे होते. बाटली आडवी असावी. हलवू नये. दिवा लांब धरावा. आणि पुसू नये. पहिले तीन जगदेवरावांनी मुकाट मानले. चौथा त्यांच्या घशाखाली कधी उतरला नाही. बाटल्यांवर धुळीचा थर, थरावर कोळिष्टकं, चिठ्ठ्यांवर काळी बुरशी. एकदा त्यांनी धीर करून विचारलं होतं, "सरकार, नुसतं फडक्यानं..."

"नको," रावसाहेब म्हणाले. "असू द्या ती धूळ."

मोठ्या माणसांचे शौक, असं म्हणून जगदेवरावांनी तो विषय मिटवला. पण खंडेनवमी आली की तो पुन्हा डोकं वर काढी. त्या दिवशी बंगल्यातली सगळी हत्यारं अंगणात निघत. तलवारी, बंदुका, आचाऱ्याच्या सुऱ्या, माळ्याची खुरपी, सगळं घासूनपुसून लाल बनातीवर मांडलं जाई, झेंडूच्या माळा पडत, पूजा होई. ज्याचं ज्याचं पोट ज्या वस्तूवर, ती वस्तू त्या दिवशी देव. तळघराला मात्र रावसाहेब स्वतः येऊन उंबऱ्यावर एक झेंडूचं फूल ठेवत. बस, तेवढंच. आणि मग आपला चाबूक तेल लावून चकाकवलेला हंबीरराव कोचमन हमखास विचारी, "काय जगदेवराव, तुमच्या हत्यारांची आंघोळ यंदाही राहिली वाटतं?"

सगळे हसत. शिलेदाराचा नातू झेंडूच्या त्या एकट्या फुलाकडे बघत उभा राही.

मग एका पावसाळ्यात रावसाहेब गेले. दुखवट्याला एदलजी मुंबईहून आला, दिवा घेऊन तळघरात उतरला आणि वर आला तो टोपी छातीशी धरून. "बाईसाहेब," तो म्हणाला, "आवा माल मुंबईमां पण नथी, मुंबईतही नाही. दिवाळीनंतर लिलाव करू. मोठे गिऱ्हाईक आणतो. रावसाहेबांचं नाव होईल."

मथुराबाईसाहेबांना त्या बाटल्या घरात नकोच होत्या. नवऱ्याचं नाव मात्र हवं होतं. त्यांनी जगदेवरावांना बोलावून चिकाच्या पडद्याआडून सांगितलं, "मुंबईची माणसं येणार. घराचं हसं होता कामा नये. सगळं तुमच्यावर सोडते."

झालं. सगळं तुमच्यावर सोडते, हे शब्द जगदेवरावांच्या अंगावर पोशाखासारखे चढले. ते खाली गेले, दिवा उंच धरला, आणि त्यांना घराची अब्रू दिसली: धुळीनं माखलेली, कोळिष्टकांत अडकलेली, बुरशी लागलेली. परक्या माणसांपुढे हे मांडायचं? खंडेनवमी तोंडावर आली होती. अडवणारं आता कुणी नव्हतं.

नवमीच्या सकाळी त्यांनी सगळ्या बाटल्या अंगणात काढल्या. भांडीवाल्या रखमाबाईंना घंगाळं भरायला सांगितलं. रखमाबाईही वाडीतल्याच, जगदेवरावांच्याच गल्लीतल्या. बंगल्यातली तांब्याची भांडी घासावी तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक होता. चिंच, राख, काथ्या घेऊन त्या बसल्या आणि दुसरी-तिसरी बाटली हातात असतानाच थांबल्या.

"जगदेवराव, हे कागद सुटायला लागलेत."

"सुटू देत."

"काहीतरी लिहिलंय त्याच्यावर. एकदा बाईसाहेबांना विचारता का?"

"रखमाबाई, आबदारखाना कुणाकडे आहे? माझ्याकडे की तुमच्याकडे? मळके कागद आहेत. काच बघा, कशी निघालीय ती!"

"मी आपलं विचारलं हं. चालेल म्हणता तर चालेल."

काच निघाली होती खरी. दुपारपर्यंत घंगाळात फ्रान्स देशातल्या चिठ्ठ्यांचा लगदा तरंगत होता आणि अंगणात ऑक्टोबरच्या उन्हात बाटल्या लखलखत उभ्या होत्या. हो, उभ्या. जगदेवरावांनी त्या उंचीप्रमाणे ओळीत लावल्या होत्या, पलटण कवायतीला उभी करावी तशा; ठेंगण्या पुढं, लांब मानेच्या मागं. प्रत्येकीला कुंकवाचं बोट, प्रत्येकीच्या गळ्यात झेंडू. हंबीररावानं तोंडात बोट घातलं. "आज मात्र जिंकलात," तो म्हणाला.

आणि वर सज्जात बाईसाहेब येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ती सगळी शोभा पाहिली, घंगाळाशी बसलेल्या रखमाबाई पाहिल्या, आणि म्हणाल्या, "वा, जगदेवराव! आता कुठं घरात आणावं असं दिसतंय." त्या दिवशी जगदेवराव वाडीपर्यंत चालत आले ते आजोबांच्या घोड्यावरूनच.

दिवाळी झाली. एदलजी आला. बरोबर मुंबईचा एक हॉटेलवाला, एका काठेवाडी दरबाराचा कारभारी, एक-दोन गोरे साहेब. बंगल्यातली माणसं दिवाणखान्याच्या भिंतीला धरून उभी, चिकाआड बाईसाहेब. जगदेवरावांनी मखमलीवर मांडलेल्या बाटल्यांवरची चादर स्वतःच्या हातानं ओढली.

एदलजी पुढं आला. एक बाटली उचलली, फिरवली, ठेवली. दुसरी उचलली. मग अगदी हळू, माणूस मेलेल्या घरात बोलावं तसा बोलला, "अरे बावा... आ शुं कर्युं? हे काय केलं?"

"स्वच्छ केल्या," जगदेवराव हसतमुखानं म्हणाले.

"नाव कुठं गेलं? कोण कुठल्या मळ्याची, कोण कुठल्या साली भरली, सगळं त्या चिठ्ठीवर. धूळ होती ती तिच्या वयाची साक्ष. आता ही कोण? आणि ही?"

"बुचावर छाप असेल की," एक साहेब हिंदुस्थानीत म्हणाला.

"हां, असेल. एकेक उघडून वाचू. मग विकायचं काय, बूच?" तरी त्यानं एक उघडली. वास घेतला, घोट तोंडात फिरवला आणि तस्तात टाकला. "ऊन दाखवलंय हिला. शिजली." मग त्यानं खोलीभर नजर फिरवली. "कोणे धोई? कुणी धुतलं हे?"

हॉटेलवाला खुदकन हसला. कारभारी मिशीआड. घराचं हसं होत होतं. ज्याला ते होऊ द्यायचं नव्हतं, त्याच्या डोळ्यांदेखत होत होतं. जगदेवरावांनी तोंड उघडलं. त्यांना 'मी' म्हणायचं होतं, असं ते पुढं कित्येकदा स्वतःला सांगत. तोंडातून निघालं ते असं: "नोकरमाणसं, साहेब. ही रखमा... न विचारता..."

रखमाबाई दाराशी पाण्याची झारी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी जगदेवरावांकडे पाहिलं. मग चिकाकडे पाहिलं. चिकाआडून एवढंच आलं, "तिला म्हणावं, उद्यापासून येऊ नको."

रखमाबाईंनी झारी खाली ठेवली आणि त्या गेल्या. बाटल्या वखारीतल्या कोळशासारख्या ढिगानं विकल्या गेल्या. हॉटेलवाल्यानं घेतल्या, स्वयंपाकातल्या आंबट शिरक्याला उपयोगी पडतील म्हणून.

तळघराला कुलूप लागलं. जगदेवरावांना खरोखरीच्या पाण्याच्या हंड्यांवर नेमलं, म्हणजे इतकी वर्षं ते वाडीत सांगत आले ते अखेर खरं झालं. रखमाबाईंनी गल्लीतल्या चार घरची भांडी धरली. संध्याकाळी जगदेवराव घरी परतत तेव्हा त्या ओट्यावर भांडी घासत असत. त्यांनी तोंड फिरवलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, पिंपातलं पाणी अंगावर फेकलं असतं, तर जगदेवरावांनी आनंदानं अंग पुढं केलं असतं. पण नाही. रोज मान वर करून, अगदी नीट, "रामराम, जगदेवराव."

"रामराम," असं पुटपुटत जगदेवराव भिंतीला घासून जात. पुढं पुढं ते मांडवीकडून लांबचा वळसा घेऊन येऊ लागले. पण गल्लीच्या त्या टोकालाही रखमाबाईंचं एक घर निघालं.

घरी बायकोचं वेगळंच. "मला एक कळत नाही," चिमणाबाई भाकरी वाढताना म्हणत, "रखमा एवढी शहाणी बाई. हळदीकुंकवाला आली तरी चप्पल कुठं काढू म्हणून विचारील. तिनं न विचारता कसं हो धुतलं?"

"आमटी वाढ," जगदेवराव म्हणत.

चिमणाबाईंनी हे इतक्यांदा विचारलं की त्यांना ठाऊक नसावं, हे पटणं कठीण आहे.

पुन्हा खंडेनवमी आली. सकाळी जगदेवरावांनी आजोबांची तलवार काढली, घासली, आणि पूजेला मांडायची तेव्हा त्यांचा हात पुढं होईना. तलवार तशीच फडक्यात गुंडाळून परत खुंटीला लावून ते बाहेर पडले. रखमाबाईंच्या ओट्यावर त्यांची घंगाळं, काथ्या, राखेचं मडकं मांडलेलं होतं. कुंकू, झेंडू, सगळं.

"रामराम, जगदेवराव."

"रखमाबाई, मी... ते मागं मी जे म्हणालो, ते चुकलं माझं. मीच सांगितलं होतं तुम्हाला."

"मला काय सांगता? मला ठाऊकच आहे." रखमाबाईंनी एका घंगाळावरची माळ सारखी केली. "दिवाणखान्यात म्हणालात ना? मग दिवाणखान्यातच परत घ्या. इथं ओट्यावर घेऊन काय उपयोग, इथं मांजरं ऐकतात."

दसऱ्याला संध्याकाळी बंगल्यावर सोनं द्यायला सगळे जमले. तीच माणसं, त्याच भिंती, तोच चिक. आपट्याची पानं हातोहात फिरत होती. जगदेवराव मध्ये जाऊन उभे राहिले आणि त्यांचा आवाज एवढा मोठा निघाला की त्यांनाच दचकायला झालं.

"बाटल्या मी धुवायला लावल्या. रखमाबाईंनी विचारलं होतं, कागद सुटतात म्हणून. मी म्हटलं, सुटू देत. उन्हातही मीच ठेवल्या. उंचीप्रमाणे."

हे 'उंचीप्रमाणे' कुणी विचारलं नव्हतं. पण एकदा निघालं की सगळंच निघतं. हंबीरराव आधी हसला, मग आचारी, मग माळी. "म्हणजे धुणेराव तुम्हीच!" हंबीरराव ओरडला, आणि हसण्याची पुन्हा लाट आली. जगदेवरावांचे कान पेटले होते. त्यांना सज्जातली ती 'वा!' आठवत होती. ती त्यांच्या जिभेच्या अगदी टोकावर होती. त्यांनी चिकाकडे पाहिलं. आतला पंखा थांबला होता. त्यांनी ती वा गिळली.

पंखा पुन्हा हलू लागला. "झालं ते झालं," बाईसाहेबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा बारीक. "रखमाला बोलवून घ्या परत." आणि त्या उठून आत गेल्या. सोनं घ्यायलाही थांबल्या नाहीत.

निरोप घेऊन जगदेवराव तसेच गल्लीत गेले. रखमाबाईंनी ऐकून घेतलं. "सगळं सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"माझं होतं तेवढं."

रखमाबाईंना काय कळायचं ते कळलं. "मग बाईसाहेबांना सांगा, रखमा यायची नाही. तिथली भांडी चांगली होती. माणसांचं राहू द्या." त्या पुन्हा खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जगदेवराव वळसा न घेता, सरळ वाटेनं आले. खालमानेनंच. आता रामराम येणार, म्हणून त्यांनी खांदे आवळून धरले.

"काय धुणेराव!" ओट्यावरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला. "हे एक पातेलं करपलंय. बसता का घासायला? उंचीप्रमाणे लावून देते सगळी!"

समोरच्या खिडकीतून कुणीतरी खिदळलं. जगदेवरावांची मान आणखी खाली गेली. पण आवळलेले खांदे मात्र, घर येईपर्यंत, हळूहळू सैल झाले.