साडूभाऊंची बिनक्लचची गाडी

एकदा बिघडली की पृथ्वीतलावर कुणालाच दुरुस्त करता येणार नाही अशी वस्तू हुडकून काढायची आणि मग जन्मभर तिच्यावर जीव टाकायचा, हे माझ्या थोरल्या साडूंना जितकं साधलं तितकं आमच्या वर्धा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला साधलं नसेल. साडूभाऊ हिंगणघाटच्या कोर्टात वकील होते. त्यांच्या घरी रॉकेलवर चालणारा एक फ्रीज होता. त्यातली भाजी गार होत नसे, पण तिला रॉकेलचा वास मात्र बिनचूक लागे, आणि ती भाजी साडूभाऊ 'थोडी औषधी झाली' असं म्हणत चवीने खात. भिंतीवर एक परदेशी घड्याळ होतं. ते वाजायला लागलं की थांबत नसे आणि थांबलं की महिनोन्महिने वाजत नसे. "कोणी इचारलं नाई तं ते कायले सांगन?" असा त्यांचा घड्याळाच्या बाजूने युक्तिवाद. यंत्रांना ते आपली अशिलंच समजत. न्यायाधीशांशी बोलतानाही जी अदब त्यांच्या आवाजात उतरत नसे ती बंद पडलेल्या पंख्याशी बोलताना उतरायची. पंख्याला ते 'अहो' म्हणत. आमच्या मेव्हणीबाई, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, त्या एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "मले 'अहो' म्हणाले असते तं मीबी बिघडून दाखवलं असतं."

या सगळ्या अशिलांत पट्टराणी होती ती गाडी. सत्तरचं दशक संपता संपता ती त्यांनी नागपूरच्या एका लिलावात घेतली. कुण्या परदेशी तज्ज्ञांची तुकडी आपलं काम आटोपून मायदेशी गेली आणि जाताना ती गाडी मागे टाकून गेली. जीपची थोरली बहीण शोभेल अशी ती होती: उंच, बंदिस्त, मागे दोन फळ्यांचं दार, आणि आत निम्मी वरात मावेल एवढी जागा. पण तिचा खरा चमत्कार वेगळाच होता. तिला क्लच नव्हता. गिअर आपले आपण बदलत. गाडी आणल्याच्या पहिल्या आठवड्यात अर्धं हिंगणघाट तिच्या पायाशी वाकून 'खरंच नाई का?' हे पाहून गेलं. साडूभाऊ न कंटाळता प्रत्येकाला दांडीवरची इंग्रजी अक्षरं समजावून सांगत. "पी म्हंजे पडून राय. आर म्हंजे रिव्हर्स. एन म्हंजे नाई. अन् डी म्हंजे दौड."

क्लच नसण्याचं महत्त्व गावाला जेवढं वाटे त्याहून साडूभाऊंना कितीतरी जास्त होतं. लहानपणी तापात त्यांचा डावा पाय वाळला होता. काठी टेकत ते कोर्टाच्या पायऱ्या चढत आणि कुणी हात पुढे केला तर त्या हातात आपली फाइल देऊन मोकळे होत. क्लच दाबणं त्या पायाच्या आवाक्यातलं नव्हतं. साध्या गाड्या त्यांना चालवता येत नसत. ही येत होती. हे कारण त्यांनी कधीही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणत, "डाव्या पायाले आराम पाहिजे माणसाच्या."

गाडी आली आणि साडूभाऊ गावाचे वाहक झाले. कुणाची सून माहेरी पोचवायची आहे, कुणाचा म्हातारा डॉक्टरकडे न्यायचा आहे, कुणाची बदली होऊन सामान हलवायचं आहे, अशा कामांना ते आपण होऊन जात. एकदा तर विरुद्ध पक्षाचा साक्षीदार रस्त्यात एसटीची वाट पाहत उभा दिसला, त्यालाही गाडीत घालून त्यांनी वेळेवर कोर्टात हजर केला. त्या साक्षीदाराच्या साक्षीनेच साडूभाऊ ती केस हरले. ताईंनी कपाळावर हात मारला, तेव्हा म्हणाले, "तो उन्हात उभा होता ना."

पण परदेशी असली तरी गाडीला वय होतंच. चारपाच वर्षांत तिचं चालणं बदललं. दांडी 'दौड'वर आणली तरी ती लगेच दौडत नसे. इंजिन मोठ्याने ओरडे, गाडी जागची हलत नसे, आणि मग कुणी मागून ढकलल्यासारखा हिसका देऊन निघे. शेजारी बसलेला माणूस घाबरून बघू लागला की साडूभाऊ शांतपणे सांगत, "थांबा. इचार करून राह्यली." तिच्या पोटात लाल रंगाचं तेल लागे, ते गळू लागलं. जिथे गाडी उभी राही तिथे लाल डाग पडे, आणि ताई त्यावर राख टाकत फिरत. गावातल्या मिस्त्र्यांनी खाली वाकून पाहिलं आणि उठून, हात पुसत, सगळ्यांनी एकच सल्ला दिला: हे परदेशी खटलं काढून टाका, जीपचा देशी गिअरबॉक्स बसवा, क्लच येईल, आणि एक ड्रायव्हर ठेवा. साडूभाऊ त्यांना चहा पाजत आणि निरोप देत.

मी वर्ध्याच्या शाळेत मास्तर होतो. त्या हिवाळ्यात मी माझ्या बायकोला, सुमनला, तिच्या बहिणीकडे घेऊन आलो होतो. सुमनला आठवा महिना होता. साडूभाऊंच्या शेतात हुरडा भाजायचा बेत ठरला. शेत हायवेच्या आत, बंडीवाटेने, म्हणजे बैलगाडीच्या वाटेने, जावं लागे असं. सकाळी आम्ही चौघे गाडीने गेलो. गाडीने वाटेत दोनदा विचार केला, पण पोचवलं. शेकोटीभोवती बसून, चटणीबरोबर कोवळे दाणे खात आम्ही छान रमलो होतो आणि दुपार कलताना सुमनने ताईंचा हात घट्ट धरला. तिला कळा सुरू झाल्या होत्या. ताईंनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "गाडी काढा. आत्ताच्या आत्ता."

साडूभाऊंनी दांडी 'दौड'वर ओढली. इंजिन ओरडलं. गाडी हलली नाही. त्यांनी पुन्हा ओढली, वाट पाहिली, लाल तेलाची उरलेली बाटली ओतली, पुन्हा ओढली. काही नाही. आजूबाजूच्या शेतांतल्या बंड्या कापूस घेऊन सकाळीच बाजाराला गेल्या होत्या. आसपास दुसरं वाहन नव्हतं. सुमन मागच्या सीटवर आडवी झाली होती. साडूभाऊंनी स्टिअरिंगवर हात ठेवून हलक्या आवाजात विचारलं, "अहो, काय म्हणणं आहे तुमचं?" आणि सहज म्हणून दांडी रिव्हर्सवर नेली. गाडी निमूट, एक हिसकासुद्धा न देता, मागे सरकली.

मग मान मागे वळवून मला म्हणाले, "मास्तर, मागचं दार उघडा अन् तिथं बसजा. मले रस्ता सांगजा. आपण असंच जाऊ."

"असंच म्हणजे?"

"उलटं. हिंगणघाटपर्यंत. आता थांबलो अन् हेबी गेलं तं मंग काई उरणार नाई."

आणि आम्ही निघालो. मी मागच्या उघड्या दारात, दाराची कड धरून, पाय बाहेर सोडून बसलेलो. माझ्या पाठीशी सुमन कण्हते आहे, ताई तिचं डोकं मांडीवर घेऊन 'झालं, आलंच' म्हणत आहेत. आणि साडूभाऊ उजवा पाय पेडलवर दाबून, कमरेतून पूर्ण मागे वळून, माझ्या खांद्यावरून रस्ता बघत आहेत. बंडीवाटेच्या चाकोऱ्यांत गाडी नागासारखी वळत होती. मी 'डावीकडे, डावीकडे' म्हटलं की ती उजवीकडे जाई, कारण माझं तोंड एकीकडे आणि गाडीचं दुसरीकडे. शेवटी साडूभाऊ ओरडले, "डावं-उजवं सोडा! झाडाकडे का विहिरीकडे, तेवढं सांगा!" मग मी तसंच सांगू लागलो आणि आमचं जमलं.

हायवेवर कापसाच्या बंड्यांची रांगच रांग होती. जिनिंगचे दिवस होते. पांढऱ्या ढिगांवर झोपलेले गाडीवान माझ्या ओरडण्याने उठून बसले. त्यांच्यासमोर एक मोठी गाडी पाठमोरी पळत येत होती आणि तिच्या ढुंगणात एक मास्तर हात जोडून 'बाजू व्हा, बाजू व्हा' म्हणत होता. बैल आधी बाजूला झाले, गाडीवान नंतर. जळल्या तेलाचा वास यायला लागला. साडूभाऊंचा घाम हनुवटीवरून टपकत होता, पण आवाजात घाई नव्हती. मधूनमधून ते गाडीला म्हणत, "हो, हो. ऐकून राह्यलो. थोडंच राह्यलं." मधूनच सुमनला म्हणत, "बेटा, घाबरू नको, मी आहे." दोन्ही वाक्यांत माया इतकी सारखी होती की कोणतं कुणाला हे कळू नये.

गावाच्या तोंडावर एका पोलिसाने शिटी फुंकली आणि सोबत धावत विचारलं, "वकीलसाहेब! उलटे काऊन जाऊन राह्यले?"

"सुलटी जात नाई म्हणून!" साडूभाऊ म्हणाले. "पोरगी अडली हाय. रस्ता मोकळा कर!"

त्या पोलिसाने एका पोराची सायकल घेतली आणि शिटी वाजवत आमच्यापुढे, म्हणजे गाडीच्या मागे, म्हणजे खरं तर पुढेच, तो दवाखान्यापर्यंत गेला. दवाखान्याच्या पायरीला मागचं दार टेकलं तेव्हा गाडीखालून धूर निघत होता. सुमनला उचलायला तिला वळवावंही लागलं नाही.

मूल पायाकडून येत होतं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, मुलगी झाली, लहानखुरी आहे पण ठीक आहे, आई ठीक आहे, आणखी उशीर झाला असता तर मात्र दोघींचं कठीण होतं. मी भिंतीला टेकून रडलो. साडूभाऊ रडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "म्हंजे तेबी रिव्हर्समधीच आली?" आणि मग इतके हसले की नर्सने त्यांना बाहेर काढलं.

मागे वळून राहिल्याने त्यांची मान मात्र तशीच आखडली. कित्येक दिवस ते न्यायाधीशांशी बोलत तेव्हा तोंड विरुद्ध पक्षाच्या वकिलाकडे असे, आणि तो बिचारा प्रत्येक वाक्याला उठून उत्तर देई. लेप झाले, शेक झाले. पायाळू मुलाची लाथ लागली की लचक जाते म्हणतात, म्हणून शेवटी ताईंनी आमच्या पोरीचा बोटभर पाय त्यांच्या मानेला लावला. पोरीने खरंच लाथ झाडली. मान त्याच दिवशी सुटली असं साडूभाऊ सांगत. ताई म्हणत, ती आधीच सुटली होती, पण पोरीला मान मिळावा म्हणून हे तिरपे बसून होते.

उन्हाळ्यात कोर्टाला सुट्टी लागली आणि साडूभाऊंनी गाडीचं पोट उघडलं. ओसरीवर चादरी अंथरून त्यांनी ते खटलं सुटं केलं: चकत्या, स्प्रिंगा, गोळ्या, नळ्या. पुरणाच्या पातेल्यात चकत्या भिजत पडल्या. अशील आले की त्यांना चकत्यांच्या मधली जागा शोधून बसावं लागे. पुढे नेणाऱ्या चकत्यांना दाबून धरणारी एक रबरी कडी विरली होती, एवढाच तो दोष. पण तसली कडी ना नागपुरात मिळाली ना मुंबईत. त्यांनी ताईंच्या कुकरची रिंग कापून पाहिली. गाडी फाटकापर्यंत गेली आणि परत विचारात पडली, आणि घरी आठवडाभर वरण कच्चं राहिलं. सायकलची ट्यूब झाली, चपलेचा तळवा झाला. प्रत्येक वेळी सगळं पुन्हा उघडायचं, पुन्हा जोडायचं, आडवं होऊन गाडीखाली सरकायचं. उठताना त्यांना भिंत धरावी लागे. मी एकदा म्हटलं, "साडूभाऊ, आता सोडा." ते म्हणाले, "अपील बाकी हाय." अखेर एका प्रेसमध्ये, कापसाच्या गाठी दाबायच्या यंत्राचं जुनं पॅकिंग पडलेलं त्यांना दिसलं. त्यातून त्यांनी स्वतः कडी कापली, घासली, बसवली. दांडी 'दौड'वर आणताच गाडी लोण्यासारखी पुढे निघाली. त्या संध्याकाळी ताई केसांत गजरा माळून पुढच्या सीटवर बसल्या आणि दोघे वेणा नदीच्या पुलापर्यंत जाऊन आले.

ती कडी काही वर्षं चालली. मग एक दिवस गाडी पुढेही जाईना आणि मागेही जाईना. साडूभाऊंनी पुन्हा पोट उघडलं, पण आत आता कडीपुरतं दुखणं नव्हतं. चकत्याच झिजून गेल्या होत्या. अंगणात उभ्या असलेल्या त्या गाडीत आम्ही दोघे एका दुपारी बसलो होतो. ते स्टिअरिंगवर, मी शेजारी. मग समोर पाहत म्हणाले, "लहान होतो तं मले लोकं उचलून नेत, मास्तर. शाळेत बाबानं खांद्यावर नेलं. लग्नाईले मामानं बंडीत नेलं. परीक्षेले दोस्तानं सायकलवर नेलं. कोणी कधी नाई म्हणलं नाई. पण मी कोणाले कधी नेलं नोतं." त्यांनी दांडीवर हात ठेवला. "ह्या बाईनं मले लोकं न्यायले लावले."

भंगारवाला ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा मी तिथेच होतो. दोर बांधला गेला. गाडी ओढून न्यायची तर स्टिअरिंगवर कुणीतरी हवं. ट्रॅक्टरवाला चढू लागला, तर साडूभाऊंनी त्याला बाजूला केलं. काठी आत ठेवली, कोट नीट केला आणि आपल्या जागेवर बसले. ट्रॅक्टर निघाला. गल्लीच्या टोकाला वळण आलं तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी त्यांनी खिडकीतून उजवा हात बाहेर काढला, नियमाप्रमाणे, सरळ, आणि वळण पूर्ण होईपर्यंत तसाच धरला.

"येतानी पायीच येतो म्हणले," ताई म्हणाल्या.

आम्ही दारात उभे राहिलो. ऊन उतरलं तेव्हा ते रस्त्याच्या टोकाला दिसले. काठी टेकत, थांबत, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत येत होते. एक सायकलवाला थांबला, त्याने मागची सीट दाखवली. त्यांनी त्याला हसून पुढे पाठवलं. पुन्हा दोन पावलं, पुन्हा थांबणं. मी पायरी उतरू लागलो तर ताईंनी माझ्या दंडाला हात लावला. "येऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.