काडी मोडेपर्यंत

वकिलाच्या ओट्यावर किस्से कुणी गोळा करत नाही हो, ते आपोआप साचतात. जिंकलेले दावे मी केव्हाच विसरलो. पायरीवर बसून गेलेली माणसं मात्र अजून उठायला तयार नाहीत!

उस्मानाबादला कचेरीजवळ बापूसाहेब वकिलांची खोली होती. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मी त्यांच्या हाताखाली नवा, आणि कोर्टाचं उर्दू सांभाळायला मुन्शी कादरभाई. जमिनीच्या दाव्यांवर आमचं चालायचं. नवरा-बायकोचं प्रकरण आलं की बापूसाहेब आधी चहा मागवायचे, कारण द्यायला त्यांच्याजवळ दुसरं काही नसायचं.

कायदाच तसा होता. हिंदूंना कोर्टातून घटस्फोट नाही म्हणजे नाही. ज्या जातीत काडीमोडीची चाल, तिथं पंचांपुढं नवऱ्यानं स्वतःच्या हातानं काडी मोडायची. दोन तुकडे झाले की बाई मोकळी, मग तिला दुसऱ्याशी पाट लावता यायचा. कोर्ट फक्त विचारणार, तुमच्यात ही चाल आहे का?

*

बेंबळीची गोदा पहिल्यांदा आली ती भर उन्हात, चालत. नवरा सोलापूरला गिरणीत गेला आणि तिकडंच दुसरी बाई करून राहिला. गावातला सीताराम, बायको वारलेला, गोदाशी पाट लावायला तयार होता. तीही तयार होती. पण पंच म्हणाले, नवरा येऊन काडी मोडेल तेव्हाच. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या दोन चैत्री यात्रा होऊ देत, तोवर नाही आला तर पुन्हा बसू.

गोदा बापूसाहेबांना म्हणाली, "त्यो तिकडं माजी वाट बघत न्हाय, साहेब. मग म्या का त्येची बघू?"

बापूसाहेबांनी चहा मागवला.

*

चाल आहे का, हे साक्षीदार आणून शाबीत करावं लागे. एकदा आम्ही एक म्हातारे पंच उभे केले. मुन्सिफांनी विचारलं, "तुमच्या जातीत काडीमोड कधीपासून आहे?"

म्हातारबुवा म्हणाले, "लगीन हाय तवापास्नं, सरकार!"

सगळं कोर्ट हसलं. ज्या मुलीचा दावा होता, तीसुद्धा हसली. तिचे वडील बाहेर येऊन म्हणाले, पोर किती दिवसांनी हसली बघा. आणि तिथंच भिंतीला टेकून रडायला लागले.

*

एका व्यापाऱ्याची मुलगी आली होती, थोरल्या भावाबरोबर. नवरा मारायचा. हातावरचे वळ तिनं पदराखाली झाकलेले. तिच्या जातीत काडीमोडीची चाल नव्हती. बापूसाहेबांनी खाली मान घालून सांगितलं, "बाई, पोटगी मागता येईल. वेगळं राहता येईल. पण सुटका नाही."

"मग किती थांबायचं?"

"दोघांतलं एक मरेपर्यंत."

तिनं शांतपणे विचारलं, "कोण?"

भाऊ तिला उठवून घेऊन गेला. बापूसाहेब त्या दिवशी कोर्टात गेले नाहीत.

*

तेरचं एक जोडपं आलं. लेकरू होत नाही म्हणून सासूनं काडीमोड ठरवलेली. आमच्या पायरीवर बसून दोघांनी एकाच फडक्यात बांधलेली भाकरी सोडून खाल्ली. बाईनं कडेचा कडक भाग स्वतःला घेतला आणि मधला मऊ त्याला दिला.

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला वेगळं व्हायचंय ना?"

"व्हय."

"मग हे काय?"

ती म्हणाली, "त्येंची दाढ दुखतीया."

बापूसाहेबांनी नवऱ्याला तासभर समजावलं. तो नुसता "आई आयकत न्हाय" एवढंच म्हणायचा. पुढं त्यानं काडी मोडलीच. नंतर बाजारात तो मला दिसला, तर एकटाच भाकरी पाण्यात भिजवून खात होता.

*

कादरभाईंच्या भाचीला नवऱ्यानं रागाच्या भरात एकदा तलाक दिला. त्यांच्यात त्यानंतर इद्दत असते, साधारण तीन महिन्यांची. तेवढ्या मुदतीत नवऱ्यानं परत घेतलं तर संसार पुन्हा सुरू. ती मामाकडं राहायला आली. तो तिच्या निरोपाची वाट बघत बसला, ही त्याच्या पावलांची. दोघंही मोठे मानी!

कादरभाई रोज कचेरीत आल्या आल्या सांगायचे, "आज बी नहीं आया."

इद्दत सरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू हातात बांगड्या घेऊन दारात! कादरभाई म्हणाले, "बेटा, कल आना था ना."

तरी वाट बंद नव्हती, ती राजी असेल तर नवा निकाह लावता येत होता. कादरभाईंनी तिला विचारलं. पडद्याआडून उत्तर आलं, "पिछली बार पूछे तो हौ बोली थी, मामू. अब पूछ रैं, तो ना बोलती मैं."

हे सांगताना कादरभाईंना तिचा अभिमान वाटत होता आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

*

गोदाच्या दोन चैत्री झाल्या. नवरा आला नाही. पंच पुन्हा बसणार, तोवर रझाकारांचा धिंगाणा सुरू झाला. गावं उठली, पंचांतला एक बार्शीकडं गेला, एक कुठं गेला ते कळलंच नाही. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. आमच्या कोर्टाची पाटी बदलली. गोदाची काडी तशीच राहिली! सीताराम मात्र थांबला होता. लोक त्याला हसायचे. तो म्हणायचा, "ती थांबलीया, तर म्या बी थांबतो."

आणि एक दिवस सांगावा आला, नवरा येतोय. गोदानं आग्रह केला म्हणून बापूसाहेब आणि मी बेंबळीला गेलो.

लिंबाच्या पारावर उरलेले पंच बसले होते. नवऱ्याला दोघांनी धरून आणलं. गिरणीनं छाती खाल्लेली, नुसता सापळा उरलेला. सोलापूरच्या बाईनं त्याला घराबाहेर काढलं होतं. लिंबापलीकडं सीताराम गाडी जुंपून उभा होता, गोदाला न्यायला.

एका पंचानं घाईघाईत डोक्यावरच्या लिंबाचीच डहाळी तोडून त्याच्या हातात दिली. ओली! ती वाकायची, सोलायची, पण तुटेना. त्यानं पिळली, पुन्हा वाकवली. त्याला खोकल्याची उबळ आली. पंच म्हणाले, "दोन तुकडं झाल्याबिगर काडीमोड न्हाय."

मला वाटलं, संपलं. ही बाई आता जन्मभर अडकली.

गोदा उठली. पलीकडच्या कडब्यातून एक वाळकी काडी काढून तिनं नवऱ्याच्या हातात दिली. म्हणाली, "ही मोडंल."

कट्कन मोडली.

"सुटलीस बाई," थोरले पंच म्हणाले. माणसं धोतरं झटकत उठायला लागली. नवरा तिथंच धुळीत बसून धापा टाकत होता. त्याला धरून आणणारे दोघं केव्हाच निघून गेले होते.

गोदा जागची हलली नाही.

"म्या सुटले, पंच," ती म्हणाली. "आता ह्येला घरी कोन नेनार?"

सीतारामनं गाडी वळवली आणि पारापाशी आणून लावली.