मशीन पास, मी नापास

परीक्षेत दुसरा कुणी पास होईल म्हणून माणूस कधी भितो का? मी भ्याले. आणि तो दुसरा माणूसही नव्हता, टेबलावर ठेवलेला एक डबा होता.

निपाणीत तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका सोसायटीत मी कॉम्प्युटरवर बसायची. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि आमच्या भागात कॉम्प्युटर म्हणजे बघायला यायची वस्तू होती. बेळगावला खडेबाजारात एका दुकानाच्या माडीवर क्लास चालायचा, तिथं एसटीनं जाऊन-येऊन मी शिकले. काम काय, तर शेतकऱ्यांनी घातलेल्या तंबाखूची वजनं मशीनमध्ये भरायची. पण त्या कामाच्या जिवावर आप्पा वखारीतनं बाहेर पडले होते. आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर तंबाखू झोडपून आणि चाळून त्यांची छाती खरखर वाजायची. आता धूळ बंद, न्हायतर माझ्याकडं परत येऊ नका, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. माझी नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशी आप्पांचं नाकाला बांधायचं फडकं मी चुलीत घातलं. आई ओरडली, पण हसत हसत.

दिवाळीनंतर मशीन खोडी काढायला लागलं. चालता चालता मध्येच थांबायचं. पडद्यावर ‘पॅरिटी चेक’ एवढी अक्षरं यायची आणि मग कितीही बटणं दाबा, ढिम्म. बंद करून चालू केलं की पुन्हा सुतासारखं सरळ, भरलेली वजनं मात्र गायब. थंडीत हे कधीतरी व्हायचं, होळी जवळ आली तसं रोजचं झालं.

ऑफिसात कुजबुज सुरू झाली. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली तेव्हा मी नव्हते. दसऱ्याला आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, विहारात चार कामं असतात, म्हणून आदल्या दिवसापासूनच रजा टाकली होती. आता म्हणे, हिनं हात जोडले न्हाईत म्हणून मशीन रुसलं. माझं डोकं असं फिरलं! रुसायला मशीन काय नवी सून हाय का, असं मी भर ऑफिसात विचारलं. कुजबुज मात्र थांबली नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी मशीन रुसतं असलं काही मानणारे नव्हते. ते शिकलेले होते, आणि म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटायची. मला केबिनमध्ये बोलावून त्यांनी शांतपणे सांगितलं की बेळगावचा इंजिनियर उद्या मशीन तपासायला येतोय.

“मशीन चांगलं निघालं, तर दोष कुणाच्या हाताचा, हे मी सांगायची गरज न्हाई, बाई. मग मला दुसरं माणूस बघावं लागेल.”

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आईनं सेक्रेटरींऐवजी मलाच दोन-चार शिव्या दिल्या, तोंड फटकळ म्हणून. आप्पा जेवण अर्धंच टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर आला. कन्नड माणूस, मराठी मोडकंतोडकं, पण वागायला सरळ. त्यानं पिशवीतनं एक फ्लॉपी काढली, मशीनच्या फटीत सरकवली आणि मशीन चालू केलं. मशीन आज स्वतःच्या डोक्यानं न चालता या फ्लॉपीच्या हुकमानं चालणार होतं. त्यानं मला समजावलं की मशीनच्या मेमरीत बारीक बारीक घरं असतात. फ्लॉपी प्रत्येक घरात एक खूण ठेवते आणि लगेच परत मागते. ठेवलेलीच परत आली तर घर चांगलं. सगळी घरं झाली की पहिल्यापासून पुन्हा, वेगळी खूण घेऊन.

आकडे सरसर पळाले आणि पडद्यावर आलं, पास. पुन्हा पळाले, पुन्हा पास. एकेक पास मी बोटावर मोजत होते. सेक्रेटरी हाताची घडी घालून मागं उभे होते. कुणापुढं काही मागायची आमच्या घरात रीत नाही, पण त्या सकाळी मी त्या डब्यापुढं मनातल्या मनात हात जोडले, बिघड रं बाबा, एकदा तरी बिघड! खोटं कशाला बोलू, मी लई भ्याले होते. आप्पांच्या छातीतली खरखर मला तिथं बसून ऐकू येत होती.

सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं आणि झालं का म्हणून विचारलं. इंजिनियरनं हात वर केला. “स्वल्प तडी साहेब, थांबा. अजून थंड आहे ते. गरम होऊ दे.”

फ्लॉपी चालूच ठेवून तो जेवायला बसला. दुपारी छताचा पत्रा तापला, पंख्याचा वारासुद्धा गरम यायला लागला, आणि आकडे पळता पळता अडखळले. पडद्यावर एक ओळ आली, तिच्याखाली दुसरी, मग ओळींची रांगच लागली. मेमरीतली काही घरं ठेवलेली खूण परत देत नव्हती. मी उठून पडद्याजवळ गेले.

इंजिनियरनं स्क्रू काढून झाकण उचललं आणि बघतच राहिला. आत काळ्या चिपांच्या रांगेवर कुंकवाचा वाळलेला ओघळ होता. खाचेत दोन-चार अक्षता अडकल्या होत्या. चिपांच्या बारीक पायांवर हिरवट गंज चढला होता. आत हे काय ओतलं, असं त्यानं विचारलं. मी सेक्रेटरींकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता.

खंडेनवमीला आमच्याकडं ट्रकची पूजा करतात तेव्हा बॉनेट उघडतात आणि थेट इंजिनला कुंकू लावतात. सेक्रेटरींनी त्याच हिशेबानं झाकण काढायला लावलं होतं. नारळ फोडून पाणीही शिंपडलं होतं, आतवर पोचावं म्हणून. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, खाली बघून. मग मला म्हणाले, तुमची नोकरी हाय बाई, आज लवकर घरी जा.

मी जवळजवळ पळतच निघाले. घरात आई एकटीच होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. आप्पा कुठं म्हणून दोनदा विचारलं, तरी भांडी घासतच राहिली.

दिवेलागणीला दारात आधी तंबाखूचा वास आला, मागनं आप्पा. कपाळावर, भुवयांवर पिवळी धूळ, गळ्यात नवं फडकं.

“आप्पा, मशीनच बिघडलेलं हुतं. नोकरी हाय माझी.”

खोकला थांबेपर्यंत ते दाराला टेकून उभे राहिले. “व्हय? लई बरं झालं गं. मला वाटलं, तुझी नोकरी गेल्यावर इचारलं तर जागा ऱ्हायची न्हाय. म्हणून सकाळीच जाऊन वखारीच्या मुकादमाला शबूद दिला, हंगाम संपस्तोवर येतो म्हणून.”

मी रडत रडतच त्यांच्या गळ्यातलं फडकं ओढून काढलं आणि चुलीकडं वळले. आप्पांनी ते माझ्या हातातनं हळूच काढून घेतलं, झटकलं आणि खुंटीला अडकवलं.

“असू दे,” ते म्हणाले, “उद्या लागंल.”