हंड्यावरची फट

चुनशिम माझी शेजारीण. बोलायला कमी, हाताला चोख. एरवी गाव तिला ‘सुनोकची आई’ म्हणायचं, आणि दर तिसऱ्या वसंतात चार दिवस ‘राजाची स्वयंपाकीण’.

राजा म्हणजे आमच्या कोरियाच्या गोर्‍यो घराण्याचा शेवटचा. सहाशे वर्षांपूर्वी त्याला गादीवरून उतरवून या किनाऱ्यावर आणलं आणि इथंच संपवलं. टेकडीवर त्याचं थडगं आहे. राजधानीकडचे, सोलचे लोक म्हणतात, खरं थडगं आमच्याकडे. असेल बापडं. आमच्या होड्या समुद्राला नैवेद्य दाखवण्याआधी त्याला दाखवतात, एवढं खरं.

नैवेद्य रांधणारं घर निर्मळ लागतं. जन्म नको, मृत्यू नको, भांड्याला भांडंही लागायला नको. मग त्या दारावर डाव्या पिळाची गवती दोरी चढते. चुनशिमच्या दारावर ती चार खेपा चढली होती.

पाचव्या खेपेच्या आधीच्या हिवाळ्यात तिचा नवरा मानचुल माकुळ धरायला खोल समुद्रात गेला. होडी आली नाही. एक फळीसुद्धा आली नाही.

ती रडली नाही. मासे सुकवायच्या दोऱ्यांवर मासे लावत राहिली. सासू सांगायची म्हणून रोज संध्याकाळी भाताचा वाडगा झाकून चुलीच्या धगीनं तापलेल्या जमिनीवर, रजईखाली ठेवायची. परदेशी गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा. सकाळी तोच भात गार झालेला, ती स्वतः उभ्याउभ्या खायची.

“काय वाटतं गं तुला?” मी एकदा विचारलं.

“कशाचं?” ती म्हणाली, आणि पुढचा मासा उचलला.

आमच्याकडे बुडालेल्याचा जीव हाक मारल्याशिवाय घरी येत नाही. त्याचा अंगरखा घेऊन छपरावर चढायचं आणि नाव घेऊन बोलवायचं. पण ती हाक मेलेल्याला. सासूच्या लेखी मानचुल जिवंत होता, आणि सासूच्या शब्दापुढे चुनशिम कधी गेली नव्हती. तो आपला तिकडे पाण्यातच.

वसंत लागला तसे गावप्रमुख शिमकाका अंगणात आले. बसले. विडी पेटवली, विझवली.

“सुनोकची आई, या खेपेला दोरी... कसं करायचं?”

“कसं म्हणजे?” सासू आतून कडाडली. “सुतक कुणाचं आहे इथं? माझा पोर जपानच्या किनाऱ्याला लागलाय. कुणीतरी ठेवून घेतलं असेल, कामाचा गडी आहे तो! दोरी मी वळते.”

शिमकाका चुनशिमकडे बघत राहिले. दोरी चढली तर मानचुल जिवंत, नाही चढली तर मेला. पोलिसांनाही जे ठरवता आलं नव्हतं ते तिनं एका मानेनं सांगायचं होतं.

“आई म्हणतात तसं,” ती म्हणाली.

विहिरीवर अर्थातच तोंडं सुटली. “नवऱ्याचा पत्ता नाही आणि ही राजाला जेवू घालणार!” “अगं, राजाला दोन-दोन थडगी, मानचुलला एक नाही. ज्याचं त्याचं नशीब.” चुनशिमनं दोन्ही बादल्या भरल्या आणि निघाली.

नैवेद्याच्या दिवशी लाकडं पुरवायला मी तिच्या चुलीशी होते. राजाच्या वाफवलेल्या वडीसाठी तांदळाचं पीठ तिनं तीनदा चाळलं. हंड्यावर भोकांचं मातीचं भांडं ठेवून त्यात पीठ अलगद पसरलं. दोन्हींच्या मधल्या सांध्याला कणकेची वळी लावतात, म्हणजे वाफ बाहेर न जाता पिठातून वर येते. वळी लावत लावत ती भिंतीकडच्या बाजूला आली आणि थांबली. बोटभर जागा उरली होती. उरलेली कणीक तिच्या हातातच होती. तिनं ती परातीत ठेवली, हात पुसले.

मी लाकूड सारत राहिले.

वाफ भिंतीवर जात राहिली. नैवेद्य न्यायला आलेल्या शिमकाकांनी भांड्यावरचं कापड उचललं तेव्हा निम्मं पीठ कोरडंच होतं, फुंकरीनं उडेल असं. राजाची वडी शिजत नाही ती सुतकाच्या घरीच. हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं.

शिमकाकांनी दारावरची दोरी सोडली आणि नैवेद्य दुसऱ्या घरी नेला.

सासू बराच वेळ चुलीसमोर बसली होती. सांध्यावरून तिनं बोट फिरवलं. मग उठली, पेटीतून मानचुलचा अंगरखा काढला आणि सुनेच्या हातात दिला.

“जा. माझे गुडघे शिडीला ऐकत नाहीत.”

चुनशिम छपरावर चढली. भाजीवाल्याला हाक मारावी तशा सपाट आवाजात तिनं तीनदा नवऱ्याचं नाव घेतलं. खाली उतरली. त्या संध्याकाळी रजईखाली वाडगा ठेवला नाही. राजाच्या टेकडीच्या उतारावर तो अंगरखा पुरून एक लहानसा उंचवटा केला.

तीन वर्षांनी दोरी परत त्याच दारावर चढली. मीही परत लाकडं घेऊन गेले. सासूला आता नीट दिसत नव्हतं, पण कणीक तिनंच मळली. वळी करून सुनेच्या हातात दिली आणि म्हणाली,

“भिंतीकडची बाजूपण लाव हं या वेळी.”

“लावते, आई,” चुनशिम म्हणाली, आणि लावली.