गिरणेच्या पाण्यावरची उडती बोट

फोन आला तेव्हा मी सरकीच्या भावावरून एका व्यापाऱ्याशी भांडत होतो. पलीकडून शालिनीवहिनी म्हणाल्या, "भाऊ, हे गेले." मी विचारलं, "कुठे?" …खरंच विचारलं. ज्या मधूशी आपण तीन वर्षं बोललो नाही, त्याच्या बायकोचा जळगावहून फोन का आला असेल, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. फोन ठेवला आणि व्यापाऱ्याला म्हणालो, "ने तुझ्या भावाने." माझ्या तोंडून असं वाक्य त्याने कधी ऐकलं नव्हतं. मालातच काही खोट असणार असं समजून तो सरकी न घेताच निघून गेला.

मधू आणि मी दोघेही पारोळ्याचे. पावसाळ्यानंतर किल्ल्याच्या खंदकात पाणी साचायचं, तिथे मधू पुठ्ठ्याच्या नावा करून सोडायचा. त्या नावा मी वर्गातल्या पोरांना बोरांच्या बदल्यात विकायचो, बोरं निम्मी-निम्मी. तो खाली पाण्याशी, मी वर काठावर. त्याचा हात जरा जोरात सुटला की मी वरून ओरडायचो, "हळू सोड रे, बुडी जाई!" नाव बुडाली की बोरंही बुडाली, हे त्याला कधी समजलं नाही. त्याला फक्त नाव तरंगायला हवी असायची.

या नावांच्या मागे त्याच्या शाळामास्तर वडिलांची एक गोष्ट होती. ते तरुणपणी नोकरीसाठी ग्वाल्हेरकडे होते आणि तिथल्या तलावावर त्यांनी विमान उतरताना पाहिलं होतं. चाकांवर नव्हे, पोटावर, बदक उतरतं तसं. इंग्रजांच्या काळात साहेब लोक आणि टपाल घेऊन अशा उडत्या बोटी विलायतेहून यायच्या, वाटेत तलावांवर मुक्काम करायच्या. पारोळ्यात यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. "पाण्यावर इमान? काहीबी सांगतस मास्तर!" म्हणून लोक हसायचे. वडील तिथून उठताना नेहमी एकच सांगायचे, की त्या बोटीची चार इंजिनं एकामागून एक खोकत सुरू व्हायची, म्हाताऱ्यांनी ओट्यावर बसून खोकावं तशी.

पुढे मधू पाटबंधारे खात्यात आरेखक झाला आणि जळगावला राहिला. मी शाळा अर्धवट सोडून कापसाच्या गाठी उचलल्या, दलाली केली, भांडत-भांडत धुळ्याबाहेर स्वतःचं जिनिंग उभं केलं. धरणांचे नकाशे काढून घरी आला की मधू जुन्या विमानांचे नकाशे काढत बसायचा. ऐंशीच्या दशकात त्याच्या घरात पुठ्ठ्याची आणि बांबूच्या कामट्यांची विमानं छताला टांगलेली असायची. वहिनी म्हणायच्या, "जाळी काढायची सोय नाही, कोळ्यांनी पण यांच्या विमानांत जागा धरल्या आहेत."

मग कॉम्प्युटर आला. तो घ्यायला मुंबईला मीच त्याच्याबरोबर गेलो, कारण मधूला एकटं सोडलं असतं तर दुकानदाराने सांगितला तो भाव देऊन वर आभार मानून आला असता. मी भाव पाडला, शिवाय कीबोर्डवर घालायचं प्लॅस्टिकचं झाकण फुकट घेतलं. त्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा एक खेळ होता. विमानं सगळी नव्या जमान्यातली. पण कोणी अभ्यास करून स्वतःचं विमान बनवलं तर ते त्या खेळात घालता यायचं, आणि जगभरात बरेच लोक हा उद्योग करतात, हे त्याला कुठूनतरी कळलं. झालं! आधी त्याने जुनी, एकावर एक दोन पंखांची प्रवासी विमानं केली आणि हात बसल्यावर वडिलांची उडती बोट घेतली.

काम कसं चालायचं ते मी पाहिलं आहे. जुन्या फोटोंवरून तो आधी कागदावर आकृती काढायचा, समोरून, बाजूने, वरून. मग त्या रेषांवरचा एकेक बिंदू आकड्यांनी मशीनला सांगायचा. बोटीच्या नाकाची गोलाई जमेना तेव्हा महिनाभर त्याने दुसऱ्या कशाला हात लावला नाही. मी म्हणायचो, "अरे, नाक जरा बसकं राहिलं तर काय होतं? तुझी मुलगी आहे का ती, लग्न जमणार नाही म्हणून रडायला?" तो न हसता म्हणायचा, "उखा, बसक्या नाकाची बोट पाण्यात घुसते." खेळात खान्देशच्या जागी नुसता हिरवा सपाट पट्टा होता, उतरायला पाणी नव्हतं. पण गिरणा धरणाचा भरलेला काठ त्याला तोंडपाठ होता. त्याने त्या हिरव्यात गिरणेचं पाणी आणून ठेवलं आणि बोट तिथे उभी केली.

आता अडलं आवाजाशी. वडिलांनी सांगितलेला तो खोकला कुठे मिळेना. तेव्हा त्याला माझ्या जिनिंगमधलं जुनं तेलाचं इंजिन आठवलं. एके दिवशी दुपारी टॉवेलमध्ये गुंडाळलेला टेपरेकॉर्डर घेऊन तो एसटीने धुळ्याला आला. मी सगळं काम थांबवलं. इंजिन चार वेळा सुरू करायचं ठरलं, चार इंजिनांसाठी चार. तीन वेळा झकास झालं. चौथ्या वेळी हँडल मारणाऱ्या दगडूने एकदम पट्ट्यावर भार सोडला आणि मी ओरडलो.

"अरे, हळू सोड भो! पट्टा तुटी जाई!"

मधूने टेप बंद केला. "तू कशाला ओरडलास?"

"माझं इंजिन, माझा पट्टा. मी नाही ओरडणार तर काय तुझा वैमानिक ओरडणार?"

"आता पाचव्यांदा करावं लागेल."

"चार ठरले होते, चार झाले. सौदा संपला."

टेप टॉवेलात गुंडाळत तो म्हणाला, "ठीक आहे. तुझा आवाज काढून टाकेन." मी त्याला भरीत-भाकरी खाऊ घालून एसटीत बसवून दिलं. तेलाचं इंजिन विमानापेक्षा संथ चालतं, म्हणून टेपचा वेग वाढवून खोकला हवा तसा जमवला, असं त्याने नंतर फोनवर सांगितलं. फार खूश होता.

बोट पुरी झाली. मुंबईच्या एका छांदिष्टाने ती इंटरनेटवर ठेवली, कोणीही फुकट घ्यावी म्हणून. फुकट! तेही मी गिळलं. पण बोटीबरोबर एक माहितीचा कागद जायचा, त्यात फोटो देणाऱ्याचे, पुस्तक देणाऱ्याचे, मुंबईवाल्याचे, सगळ्यांचे आभार होते. मी विचारलं, "माझं नाव कुठे आहे?" मधू अडखळला. म्हणाला, "अरे, लोकांना ते खरं इंजिन वाटतं. जिनिंगचं तेलाचं इंजिन म्हटलं तर हसतील."

"हसू दे. इंजिनाचं नको घालू, नुसतं माझं घाल. तेही नको, धुळ्याचं घाल." इतका खाली मी आयुष्यात कोणत्या सौद्यात आलो नव्हतो.

"बघतो," म्हणाला. मधूचा 'बघतो' म्हणजे नाही, हे मला खंदकापासून ठाऊक होतं.

"मग माझा आवाज राहिला असेल तर तोही काढ. बठ्ठा काढ, सगळा."

"काढतो."

त्यानंतर आम्ही बोललो नाही. पारोळ्याच्या एका लग्नात पंगतीला शेजारी आलो, तर त्याने माझ्याकडे न बघता भरताचं पातेलं माझ्या बाजूला सरकवलं. मी वाढून घेतलं आणि परत सरकवलं.

तेराव्यानंतर वहिनींना भेटायला गेलो. खोली तशीच होती, कीबोर्डवर मी फुकट मिळवलेलं झाकण. वहिनींनी न विचारता मशीन सुरू केलं. गिरणेच्या पाण्यावर पांढरी बोट उभी. त्यांनी एक कळ दाबली, पहिलं इंजिन खोकलं. मग दुसरं. तिसरं. आणि चौथ्याबरोबर… "अरे, हळू सोड भो! पट्टा तुटी जाई!"

टेपचा वेग वाढवल्यामुळे आवाज बारीक झाला होता. तो माझाच होता, पण जिनिंगच्या मालकाचा नव्हता. खंदकाच्या काठावरून ओरडणाऱ्या पोराचा होता.

"काढतो म्हणाला होता," मी म्हणालो.

"टेपवर आलेले पारवे काढले, जिनिंगचा भोंगा काढला," वहिनी म्हणाल्या. "हा काढायला बसले की नुसतं ऐकत राहायचे. रोज संध्याकाळी हा आवाज आला की मी चहा ठेवायची. तुम्ही रोज येत होतात भाऊ आमच्याकडे…" मग हसल्या. "ऑस्ट्रेलियाच्या कोणीतरी विचारलं होतं, हा धक्क्यावरचा माणूस काय ओरडतो? तर यांनी कळवलं, तो बोटीचा मालक आहे, रोज असाच ओरडतो."

मशीन मला द्या म्हणून मी वहिनींशी बराच घोळ घातला. बाई मधूपेक्षा पक्क्या निघाल्या, जागच्या हलल्या नाहीत. शेवटी सौदा एवढ्यावर मिटला, की जळगावला आलो की संध्याकाळी मी इथे यायचं. नाव घालायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे, आणि ते मी त्याच्या फोटोसमोर बोलूनही दाखवलं आहे.

परवा गेलो होतो. वहिनींनी खेळातलं विमान चालवायचा दांडा कसा धरायचा ते दाखवलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. चौथं इंजिन सुरू झालं, ते पोर काठावरून ओरडलं. मी बोट हळू सोडली.