मी मडमेला शिकवलेली भाषा

मी विसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी परत आले. नवरा शाळामास्तर होता, पुण्याकडे शिकलेला. तीन वर्षांच्या संसारात त्यानं मला लिहायवाचायला शिकवलं आणि माझं वऱ्हाडी बोलणं मोडून काढलं. माझ्या तोंडून ‘मले’ निघालं की रागवायचा नाही, नुसता गप्प बसायचा. तो गेल्यावर माझ्याकडे त्याचं म्हणावं असं ती भाषाच उरली होती.

भावाचा भाजीचा मळा होता. दर बाजारी वांगी-कांदे घेऊन मी धाड गावाला जायची. त्याच वर्षी हिवाळ्यात गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे, दोन गोऱ्या मिशनरी मडमा भाड्याच्या घरात राहायला आल्या; नात्याच्या नव्हत्या, पण एकमेकींना बहीण म्हणायच्या. थोरलीची पंधरा-वीस वर्षं वऱ्हाडात गेलेली. ती औषधं द्यायची आणि बाजारातल्या बायांसारखी बोलायची. धाकटी नुकतीच बोटीतून उतरलेली. तिला आपला एक शब्द येत नव्हता. थोरलीनं दादाला विचारलं, तुझ्या बहिणीला हिला शिकवायला पाठवशील का?

वहिनीला ते रुचलं नाही. “जाऊ दे तिले. पन येतांनी दारातच आंग धू म्हना, मंग घरात ये.”

मी रोज जायची आणि रोज दारात अंग धुवायची.

धाकटीचे ते दिवस वाईट होते. उन्हानं तोंडावर फोड आले. ज्वारीची भाकर घशाखाली उतरेना. गावातल्या बाया तिचे केस पाहायला यायच्या, हात लावायच्या, विचारायच्या, “तुहं लगन काऊन नाही झालं वं?” तिला कळायचं नाही, ती हसायची. बाया गेल्या की भिंतीकडे तोंड करून बसायची. आई आजारी होती तिची. पत्र यायला दीड महिना लागायचा. एकदा पत्र आलं त्या दिवशी तिनं धडा घेतला नाही, पण मला उठूही दिलं नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

मी तिला नवऱ्याच्या पुस्तकातून शिकवायची. ‘कृपया’, ‘आपण’, ‘साहाय्य’, ‘भगिनी’. तिच्या तोंडून ते शब्द निघाले की मला फार बरं वाटायचं. थोरलीनं एकदा आतून सांगितलं, “बाई, तिले आधी विहिरीवरचं बोलनं शिकव.” मी हो म्हटलं आणि शिकवलं नाही. विहिरीवरचं बोलणं मला कमीपणाचं वाटायचं.

उन्हाळ्यात पटकीची साथ आली. लोक म्हणायचे, मरी आली. थोरली घरोघर औषध घेऊन फिरली. पाणी भरणारीनं भीतीनं त्यांच्याकडे यायचं सोडलं. बाजाराच्या दिवशी मी नेहमीसारखी पहाटेच टोपली घेऊन धाडला निघून गेले. दिवस कलता परत आले, तेव्हा वहिनी ओट्यावर धान्य पाखडत होती.

“तुही मडम आली होती सकायी,” ती म्हणाली.

“काय म्हणत होती?”

“भगोनी भगोनी करत होती. हात जोडे, रडे. म्या जुनं भगोनं देल्लं तिले. म्हनलं, वापस नको आनू.”

आमच्याकडे भगोनं म्हणजे मोठं पातेलं. माझ्या हातातली टोपली तशीच राहिली. मी विचारलं, “अजून काय बोलली?”

“मले काय समजते तिचं? तुह्यासारखंच बोलते थे.”

मी पळत ओढा ओलांडला. थोरली खाटेवर होती. डोळे खोल गेलेले, हातापायांत गोळे आलेले, आवाज बसलेला. धाकटी विहिरीवर गेली होती, तर बाया आपापले हंडे घेऊन उठून गेल्या होत्या. तिला नीट शेंदता येईना. आमच्या भगोन्यात तिनं ओढ्यातलं गढूळ पाणी आणलं होतं आणि चुलीवर उकळत ठेवलं होतं. मला पाहून ती तेच वाक्य पुन्हा म्हणाली, “माझी भगिनी अत्यवस्थ आहे, कृपया साहाय्य करा.” एकही चूक नव्हती.

मी दादाला मळ्यातून बोलावलं. त्यानं लगेच छकडा जुंपला. बुलढाण्याच्या दवाखान्याच्या वाटेवर, अर्ध्यावरही पोचलो नव्हतो तेव्हा, थोरली गेली. धाकटीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिनं ते खाली ठेवलं नाही. दादानं बैल थांबवले, थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा हाकले. सकाळीच निघालो असतो तर ती वाचली असती का, कोणी सांगू शकत नाही. मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं की नसतीच वाचली.

बुलढाण्याला तिला पुरलं. धाकटी परत येणार नाही असं सगळ्यांना वाटलं. ती आली. पंधराएक दिवसांनी मी धड्याला गेले तेव्हा तिची वही उघडीच होती. मी म्हटलं, “चूक माझी होती. मी तुम्हाला खोटी भाषा शिकवली.” तिला किती कळलं, ठाऊक नाही. तिनं विचारलं, “मी काय बोलले पाहिजे होते?”

मी सांगितलं, “मही बहीन मरून राह्यली वं, लवकर चाल.”

तिनं ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि आपल्या लिपीत लिहून घेतलं. आवाज एकदाही हलला नाही तिचा. माझाच हलला.

त्यानंतर ती माझ्याकडे थोडंच शिकली. सकाळी विहिरीच्या कठड्याशी जाऊन बसायची. बाया पहिल्यांदा उठून जायच्या, नंतर जाईनाशा झाल्या. थोरलीची औषधं आता तीच देऊ लागली. मला बोलावणं येणं हळूहळू बंद झालं आणि मीही विचारायला गेले नाही. पुढच्या वर्षी वहिनीच्या बाळंतपणात सुईणीनं हात टेकले तेव्हा दादानं धाकटीलाच आणलं. लेकरू दगावलं, वहिनी जगली. दारातून बाहेर पडताना धाकटी मला म्हणाली, “पानी तापव बाई, तिले शेकाले लागते.” मी पाणी तापवायला आत गेले.