समईपाशी आठ ते दहा

देव नाही, असं मला कधी वाटलं नाही. पण तो आपल्या बाजूचा नाही, असं मात्र त्या दिवसांत वाटू लागलं होतं. गिरण्यांचा संप सुरू होऊन दोन वर्षं उलटली होती. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे. गिरणीचं फाटक उघडणार नाही हे कळल्यापासून ते खिडकीशी बसून राहत आणि विचारल्याशिवाय बोलत नसत. मी तालुक्याच्या शाळेत शिकून मुंबईला आलो आणि पदवीधर झालो. आमच्या घराण्यातला पहिलाच. चाळीत मला सगळे ‘ग्रॅज्युएट’ म्हणूनच हाक मारत. कौतुक किती आणि चेष्टा किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. गिरगावातल्या एका वकीलसाहेबांकडे मला कारकुनाची नोकरी लागली होती. चाळीत दरवर्षी माघात अखंड नामाचा सप्ताह बसायचा. गेली दोन वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो.

माघ लागला आणि एका सकाळी दोन पोलीस आणि एक महिला शिपाई येऊन तारामावशीला घेऊन गेले. चुलीवर आमटी तशीच उकळत राहिली.

तारामावशी आमच्या नात्यातली नव्हती. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत गावकऱ्यांनी मिळून घेतलेली खोली होती, तिला लागून मावशीची खानावळ. तिचा जन्म कराचीचा. तिचे वडील तिकडच्या बंदरात कामाला होते. फाळणी झाली तेव्हा दहा वर्षांच्या ताराला त्यांनी मामाबरोबर आगबोटीने मुंबईला, मामाच्या याच चाळीतल्या खोलीवर पाठवलं, आणि आपण मागून येऊ म्हणून ते आणि तिची आई तिथेच राहिले. ते आलेच नाहीत. वडील गेले, पुढे आईही अंथरुणाला खिळली. तिला बघायला म्हणून तारा अठराव्या वर्षी कराचीला गेली. आईचं सगळं करून परत निघताना तिला तिकडचा पासपोर्ट घ्यावा लागला, कारण दुसरा कुठलाच कागद मिळत नव्हता. त्या दिवसापासून सरकारच्या लेखी ती परकी झाली. दर वर्षी मुदतवाढीचा अर्ज करायचा आणि इथं राहायचं, असं चाललं होतं. कराचीत आता तिचं कोणी नव्हतं.

संपाच्या काळात तिने आमच्यासमोरची ताटं थांबवली नाहीत. कुणी संकोचून जेवायला आला नाही, तर त्याच्या दारात उभी राहून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, “काय रे, संप गिरणीचो की जेवणाचो?” माणूस लाजून हसत उठायचा. मी परीक्षेला बसलो ते तिच्या हातचं जेवून.

तिचा अर्ज लिहायचं काम माझ्याकडे होतं. कॉलेजात गेल्यापासून मी तो लिहीत होतो. मावशीला वाचता येत नसे. आधीच्या वर्षीची प्रत समोर ठेवून मी सुवाच्य अक्षरात इंग्रजीत उतरवायचो, आणि आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो याचा मला अभिमान वाटायचा. संपाच्या दुसऱ्या वर्षी मी वडिलांना घेऊन गावी गेलो आणि अर्जाची तारीख चुकली. नंतर केलेला अर्ज नामंजूर झाला. देश सोडून जाण्याची नोटीस आली, ती मावशीने देव्हाऱ्यात ठेवून दिली. मी नोकरीच्या धावपळीत होतो. “इंग्रजी कागद होतो, म्हटलं सवडीन दाखवूया,” असं ती नंतर म्हणाली.

मावशीला नेलं त्याच दिवशी वकीलसाहेबांनी उच्च न्यायालयात याचिका दाखल करायची तयारी केली. मी मावशीची फाईल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी जुने अर्ज चाळले आणि चष्मा काढला.

“हे कोणी लिहिलंय?”

“मी, साहेब.”

“‘अर्जदार पाकिस्तानची नागरिक असून अमुक तारखेला भारतात आली.’ ही तर पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख. ती त्याआधी इथं राहत होती, हे तुला ठाऊक होतं ना?”

“हो.”

“मग लिहिलं का नाहीस?”

जुन्या प्रतीत नव्हतं, म्हणून लिहिलं नव्हतं. मावशी दर वर्षी म्हणायची, “चाळीत पहिलो सप्तो बसलो ना, त्या वर्षी मी इलंय.” मला ते अडाण्याचं बोलणं वाटायचं. सप्ताह ही काय सरकारी तारीख आहे? मी तिला गप्प करून शिक्क्यावरची तारीख लिहीत होतो.

साहेबांनी मला नीट समजावलं. फाळणीनंतर ठरलेल्या मुदतीच्या आत जो इकडे आला आणि इथंच राहिला, तो या देशाचा नागरिक. पुढे त्याने परक्या देशाचा पासपोर्ट घेतला, तर त्याचं नागरिकत्व गेलं की नाही, हे केंद्र सरकारने रीतसर चौकशी करून ठरवायचं असतं. त्या चौकशीशिवाय पोलिसांना अशा माणसाला सरहद्दीपार पाठवता येत नाही. पण ती मुदतीच्या आत आली होती हे आधी दाखवायला हवं, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी तिचीच. पहिल्या सुनावणीत सरकारी वकिलांनी माझेच अर्ज वाचून दाखवले. न्यायमूर्तींनी पुढच्या बुधवारपर्यंत तिला पाठवू नये असा हुकूम दिला आणि पुरावा आणायला सांगितलं.

सहा दिवस होते. मी चंगच बांधला. मावशी ज्या शाळेत काही महिने गेली होती, तिथे पोचलो तर जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्लेली. रेशनच्या कचेरीत इतक्या मागचे कागद कुणी ठेवलेच नव्हते. बंदरावर आगबोटीच्या उतारूंच्या याद्या विचारल्या, तेव्हा खिडकीतल्या माणसाने माझ्यामागच्याला पुढे बोलावलं. रविवारी मावशीला भेटायला तुरुंगात गेलो, तो रिकाम्या हातांनी.

जाळीपलीकडे ती उभी होती. तिच्यासाठी नेलेले लाडू आत जाऊ दिले नव्हते. मला वाटलं ती रडेल. तिने विचारलं, “सप्तो उद्या बसता ना?”

“हो, मावशी.”

“माझो पहारो चुकवू नको. सकाळी आठ ते दहा, समईकडे. सातय दिवस. तू बस.”

मी चिडलो. “मावशी, बुधवारी कोर्ट आहे! मला दोन दिवस पुरावा शोधू दे. समईला दुसरं कोणीही बसेल.”

“दुसऱ्या कोणाक नाय सांगणय मी. तुका सांगतंय.” मग जरा हसून म्हणाली, “ग्रॅज्युएट माणसान समईत तेल घातल्यार विझता की काय?”

अखंड नामाच्या सप्ताहात सात दिवस नाम थांबत नाही आणि वीणा खाली ठेवली जात नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. समईही विझू द्यायची नाही. यासाठी घराघराला पहारे वाटून दिलेले असतात. आमच्या चाळीची रीत अशी, की ज्याला जो पहारा पहिल्या वर्षी मिळाला, तो त्याने हात पाय चालतात तोवर सोडायचा नाही.

सोमवारी मी बसलो, पण मन नव्हतं. घड्याळ बघत तेल घातलं आणि दहा वाजताच पळालो. दिवसभर फिरून हाती काही लागलं नाही. मंगळवारी सकाळी परत समईशी बसलो, तेव्हा आता जायला जागाच उरली नव्हती. समोर विठ्ठलाची मोठी तसबीर होती, फुलांनी झाकलेली. मी म्हटलं, देवा, माझ्या शिक्षणाने तिला परकी केली. मला जे सुचत होतं ते सगळं करून झालं. आता तिने सांगितलेलं हे एवढं काम तरी माझ्याकडून नीट होऊ दे. दुसरं काही मागितलं नाही. वात सारखी केली, तेल घातलं, आणि कितीतरी दिवसांनी माझं लक्ष माझ्यापुढच्या कामावर राहिलं.

आठच्या पहाऱ्याला वीणा घेणारे गृहस्थ त्या दिवशी आले नव्हते. कुणाच्या तरी जागी एक दिवसाच्या बदली कामाचा निरोप आला म्हणून ते पहाटेच गेले होते. सप्ताहाची व्यवस्था बघणारे अण्णा दाराशी येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात एक उंच, वाकलेले म्हातारे दर्शनाला आत आले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अण्णांनी मात्र त्यांना बघताच “या बुवा” म्हणत वीणा त्यांच्या गळ्यात घातली. दोन तास ते नाम घेत उभे होते आणि माझ्याकडे एकटक बघत होते. मला अवघडल्यासारखं झालं. वीणा गळ्यात असताना नामाशिवाय दुसरा शब्द बोलायचा नसतो. दहाला त्यांनी वीणा पुढच्याच्या गळ्यात दिली आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसले.

“हा पहारा कराचीच्या पोरीचा. तू कोण?”

मी सांगितलं. तिला धरून नेलंय हेही सांगितलं. बुवांनी मग आपली ओळख सांगितली. पूर्वी ते याच चाळीत राहायचे आणि पुढे शिवडीला गोदामाच्या कामावर गेल्यावर तिकडेच स्थायिक झाले. कित्येक वर्षांत इकडे आले नव्हते. आज का आलात, असं मी नंतर विचारलं, तेव्हा म्हणाले, “काय माहीत बाबा. सकाळी दूध आणायला निघालो होतो.” पिशवी अजून त्यांच्या हातात होती.

“पहिल्या सप्त्याची यादी बघितलीस का?” त्यांनी विचारलं.

“कुठली यादी?”

“अरे, तिच्यावर देवाचं नाव लिहिलेलं, टाकणार कशी? तसबिरीच्या मागे ठेवली होती. फळीच्या आत.”

दोन दिवस मी तिच्याकडे तोंड करून बसलो होतो.

मी उठलोच. अण्णांनी माझा दंड धरला. “सप्ता बसलाय. काल्यापर्यंत देव जागेवरून हलवायचा नाही.”

“अण्णा, उद्या कोर्ट आहे. काला सोमवारी. तोवर मावशीला सरहद्दीपार पोहोचवून येतील!”

“मला कळत नाही का? चाळीस बिऱ्हाडांचा देव आहे. मी एकट्याने कसं सांगू?”

माणसं जमली. कुणी म्हणालं काढा, कुणी म्हणालं पाप लागेल, एकजण म्हणाला, “ग्रॅज्युएट, सही घे सगळ्यांची.” नाम चालूच होतं. आणि दारातून माझ्या वडिलांचा आवाज आला. ते खिडकी सोडून केव्हा आले, मला कळलं नाही.

“देव जाग्यावरसून हलवचो नाय ना? मग मी धरून उभो रवतंय. तुम्ही मागची फळी काढा.”

ते पुढे झाले, फुलं बाजूला केली, नमस्कार केला आणि तसबिरीची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. वर्षानुवर्षं साच्यावर राबलेले ते हात. दोन वर्षं रिकामे होते. चाळीतल्या एका सुताराने भिंत आणि तसबिरीच्या मधल्या फटीत हात घालून, चाचपडत एकेक खिळा उपसला. अर्धा तास लागला. वडिलांच्या मानेवरून घाम ओघळत होता. तसबीर केसभरही हलली नाही.

फळीआड घडी केलेला एक पिवळा कागद होता. गिरणीच्या जुन्या छापील नोटिशीच्या कोऱ्या बाजूवर शाईने यादी लिहिलेली. वर ‘श्री विठ्ठल’, तिथी आणि शक. खाली खोल्या आणि पहारे. मामाच्या खोलीपुढे लिहिलं होतं, ‘समई, सकाळी ८ ते १०, कराचीची पोर तारा.’ कागद उलटला तर नोटिशीवर छापलेली तारीख होती. फाळणीनंतरच्या पहिल्याच माघातली, वरच्या तिथी-शकाला जुळणारी. मुदतीच्या कितीतरी आतली.

बुधवारी बुवा त्याच पिशवीनिशी कोर्टात आले. त्यांचं प्रतिज्ञापत्र आदल्या संध्याकाळीच झालं होतं. सरकारी वकील म्हणाले, यादीतली मुलगी हीच कशावरून? न्यायमूर्तींनी बुवांना जवळ बोलावून मराठीतच विचारलं, “आजोबा, इतक्या वर्षांमागचं तुम्हाला कसं आठवतं?”

“साहेब, ही पोर पहिल्याच दिवशी समईपाशी झोपली आणि वात विझत आली. वीणा माझ्या गळ्यात. ओरडता येईना, हलवता येईना. मी तिच्या कानाशी जाऊन मोठमोठ्याने विठ्ठल विठ्ठल म्हणत सुटलो, तेव्हा कुठे उठली. ते कसं विसरणार?”

न्यायमूर्तींच्या ओठांवर हसू आलं. मग त्यांनी हुकूम सांगितला. केंद्र सरकार तिच्या नागरिकत्वाची चौकशी करून निर्णय देईपर्यंत तिला देशाबाहेर पाठवू नये, आणि तोवर तिला मुक्त ठेवावं. तिने आठवड्यातून एकदा पोलीस चौकीत हजेरी लावायची.

कागद पुरे होऊन ती गुरुवारी संध्याकाळी सुटली. शुक्रवारी सकाळी आठला मी समईपाशी गेलो, तर ती आधीच येऊन बसलेली. मला म्हणाली, “वाती किती मोठ्यो केल्यस रे, तेल काय विहिरीतला?”

केंद्राचा निर्णय यायला चार वर्षं लागली. हजेरीच्या दिवशी मी किंवा वडील तिच्याबरोबर जात असू. शेवटी निर्णय तिच्या बाजूने आला, तेव्हा बुवा हयात नव्हते. तो कागद मी तिला वाचून दाखवला आणि मग तिने तो माझ्याकडून आणखी दोनदा वाचून घेतला.

हे देवाने घडवलं का, असं मला लोक विचारतात. मी वाद घालत नाही. एवढं जाणतो, की मी धावत होतो तोवर मला काही दिसलं नाही, आणि सांगितलेल्या जागी बसलो तेव्हा ते समोरच होतं. मी धावलो ते चुकलं असंही मी म्हणणार नाही. मात्र धावून संपल्यावर हात जोडून बसायलाही यावं लागतं, आणि ते मला कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. ते एका न शिकलेल्या बाईने जाळीपलीकडून शिकवलं. त्यानंतर मी कुणाचाही अर्ज जुन्या प्रतीवरून उतरवला नाही. आधी माणसाला समोर बसवतो, सगळं ऐकतो, आणि मग पेन उघडतो.

निर्णय आल्यानंतरच्या माघात पहाऱ्यांची नवी यादी लिहायला अण्णांनी मला बोलावलं. मावशीच्या ओळीपाशी मी थांबलो आणि विचारलं, “मावशी, आता पूर्ण नाव लिहू? आडनावासकट?”

ती वाती वळत होती. “होता तसाच लिही,” म्हणाली. “त्याच्यावरच तर सोडल्यानी माका.”

मी लिहिलं, ‘समई, सकाळी ८ ते १०, कराचीची पोर तारा.’ त्याखाली, दहा ते बारापुढे, पहिल्यांदाच माझं नाव.